परदेशी मालामुळे नोकरी गेली? ठाणे–नवी मुंबईतल्या कामगारांचे नेहमीचे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी मी ऐरोलीला एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट, कधी अंबरनाथ, अशी कुठूनकुठून माणसं कागदांची पिशवी घेऊन येतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही, बावीस वर्षं टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि पगार बघणाऱ्या खात्यात, काढलेला माणूस आहे. आमची कंपनी पंख्याचे कॅपॅसिटर बनवायची. बाहेरचा माल आमच्या कच्च्या मालाच्या भावात येऊ लागला आणि एक दिवस मीच माझा हिशेब टाइप केला.

चीनचा माल आला म्हणून कंपनी बंद पडली. अशा कामगारांसाठी सरकारची वेगळी योजना आहे का?

नाही. भारतात नाही.

अमेरिकेत होती. १९६२ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९७४ च्या व्यापार कायद्याने वाढवली. आयातीमुळे काम गेलं असा अर्ज तीन कामगार मिळूनसुद्धा करू शकत. तिथल्या कामगार खात्याने तो मान्य केला की प्रशिक्षण, त्या काळातला भत्ता, दुसऱ्या गावी कामाला जायचा खर्च मिळायचा. १ जुलै २०२२ पासून तिथेही नवे अर्ज थांबले. युरोपीय संघाचा असाच एक निधी आहे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणाऱ्या दोन गोष्टी होऊन गेल्या. कायमच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ मध्ये पुनर्वसन निधी निघाला. त्यातून पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत मिळे. २०१७ मध्ये तो ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, योजनेत विलीन झाला. आणि उदारीकरणानंतर १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगाराला नवं कौशल्य शिकवायचं असा त्याचा बोलबाला होता. पैसा मुख्यतः सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्तीत गेला.

आज हातात उरतं ते तीन ठिकाणांहून: मालकाकडून भरपाई आणि ग्रॅच्युइटी, ईएसआयसीकडून बेकारी भत्ता, आणि स्वतःचाच पीएफ. नोकरी चीनमुळे गेली की भावाभावांच्या भांडणामुळे, हे तिन्हीपैकी कोणी विचारत नाही. ती कशी गेली, म्हणजे कागदावर काय लिहून गेली, एवढंच विचारतात.

मालक म्हणतो, "माझ्या हातात काय होतं? बाजारच गेला. तीन महिन्यांचा पगार घ्या." हे बरोबर आहे का?

हा प्रश्न दर शनिवारी एकदा तरी येतो. मालकाने कायदा अर्धा वाचलेला असतो. आवाक्याबाहेरच्या अपरिहार्य कारणाने कारखाना बंद करावा लागला तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित राहते, हे खरं आहे. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे: आर्थिक अडचण, तोटा, न विकला गेलेला साठा, जागेचा करार संपणं, ही कारणं नुसती तेवढ्यावर अपरिहार्य धरली जात नाहीत. स्वस्त आयातीमुळे गोदामात माल पडून राहिला आणि तोटा झाला, हे त्याच यादीतलं कारण आहे. औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तेव्हा पूर्ण भरपाई मागा, आणि लेखी मागा.

राजीनामा दिला तर लगेच चेक देतो म्हणतात. देऊ का?

देऊ नका. बाकीचं पान वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

मालकाने काढलं तर ती कपात (रिट्रेंचमेंट, म्हणजे माणसं कमी करणं) किंवा कारखानाबंदी ठरते, आणि भरपाई व ईएसआयसीचा भत्ता मिळतो. तुम्ही राजीनामा दिलात तर दोन्ही गेले, ग्रॅच्युइटी आणि पीएफ तेवढा उरतो.

आता टाइम ऑफिसमधली गोष्ट सांगतो. ईएसआयसीच्या वेबसाइटवर दर महिन्याची वर्गणी भरताना ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकावा लागतो. २ म्हणजे नोकरी सोडली, ३ म्हणजे निवृत्त झाला, १० म्हणजे कपात. मी कित्येक वर्षं सगळ्यांना डोळे झाकून २ टाकत आलो. कोण गावाला गेला, कोणाला काढलं, सगळ्यांना २. त्यावर कोणाचा तरी भत्ता अवलंबून असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पुढे आमच्याच खात्यातला एक वाइंडर भत्त्याचा अर्ज घेऊन गेला, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली: 'नोकरी सोडली'. सोडली नव्हती हो त्याने. तो आकडा माझ्या बोटाने पडला होता. दुरुस्तीचं पत्र कंपनीकडून काढायला चार महिने गेले.

म्हणून सही करण्याआधी कागदात 'स्वेच्छेने', 'वैयक्तिक कारणास्तव', 'यापुढे कोणतेही येणे नाही' हे शब्द शोधा. इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. पैसे घ्यायचेच असतील तर सहीखाली "हक्क राखून स्वीकारले" असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि फोटो काढून ठेवा.

हिशेब किती व्हायला हवा?

उदाहरण घेऊ. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून पगार १८,२०० रुपये, नोकरी १७ वर्षं ८ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे १८ वर्षं.

ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे २६ दिवस धरतात. १८,२०० भागिले २६ म्हणजे रोज ७०० रुपये. त्याला १५ ने आणि मग १८ ने गुणा: १,८९,००० रुपये. ही ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं. कमाल मर्यादा २० लाख. एरवी पाच वर्षं सलग नोकरी लागते. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्ष पुरतं.

कपातीची भरपाई वेगळी: दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे वरच्याच धर्तीची आणखी एक रक्कम. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. ग्रॅच्युइटी दिली म्हणजे भरपाई आलीच त्यात, असं सांगणारे मॅनेजर भेटतात. नाही आली. दोन्ही वेगवेगळ्या आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे: मालकाने शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम त्यात भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची. हे कपातीपुरतंच आहे, कारखानाबंदीला नाही. आणि राहिलेला पगार, मग कपात असो, बंदी असो की राजीनामा, दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. त्या तारखेच्या आधी काढलं असेल तर जुना कायदा बघायचा.

आमच्याकडे १८० कामगार आहेत. सरकारची परवानगी न घेता बंद करता येतं का?

आता येतं. जुन्या कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असले की कपातीला आणि बंदीला आधी परवानगी लागायची, संहितेत तो आकडा ३०० झाला. वागळे किंवा टीटीसीतल्या (ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) बहुतेक शेडमध्ये ३०० कायम माणसं सापडणं कठीण, तेव्हा व्यवहारात ही ढाल गेलीच म्हणा. पण ५० किंवा जास्त कामगार असतील तर बंद करण्याआधी ६० दिवसांची नोटीस सरकारला द्यावीच लागते, आणि भरपाई तर कोणालाच चुकत नाही.

काम नाही म्हणून घरी बसवलंय, पण काढलेलं नाही. पगार?

हा लेऑफ. ५० किंवा जास्त कामगार असतील आणि तुमचं एक वर्ष भरलं असेल तर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. हजेरी मात्र लावत राहा. गेटवर आत घेत नसतील तर गेटसमोरचा रोजचा फोटो पुरे.

ईएसआयसीचा बेकारी भत्ता कसा मिळतो?

योजना दोन आहेत आणि खिडकीवरसुद्धा कधीकधी त्यांची सरमिसळ होते.

पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली, आणि किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली असेल, तर पहिले १२ महिने सरासरी रोजंदारीच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. त्या काळात स्वतःचे आणि घरच्यांचे औषधोपचारही चालू. परदेशी मदत योजनेच्या सर्वांत जवळची आपल्याकडची गोष्ट हीच, आणि हिच्याबद्दल माहीत असलेला कामगार मला क्वचित भेटतो.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. ही आयुष्यात एकूण ९० दिवसांपुरती. सुरुवातीला २५ टक्के होती, करोनाच्या काळात ५० टक्के केली. दोन वर्षांची नोकरी, लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळात ७८ दिवस भरलेले हवेत. महिना २०,००० कमाई असेल तर दोन वर्षांचे ४,८०,००० भागिले ७३० दिवस, त्याचं निम्मं, गुणिले ९०: साधारण साडेएकोणतीस हजार. संसार चालत नाही यात, पण तीन महिन्यांचं भाडं निघतं. हिची मुदत वेळोवेळी वाढवतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी ती चालू आहे ना हे शाखा कार्यालयात विचारून घ्या.

पहिल्या योजनेतला दोन वर्षांचा भत्ता मिळण्यासारखा असेल तर दुसरीतल्या तीन महिन्यांच्या मागे लागू नका. एकाच काळासाठी दोन्ही मिळत नाहीत. आणि शिस्तभंगाने काढलेल्याला, निवृत्ताला किंवा स्वेच्छेने सोडणाऱ्याला यांतली एकही नाही. पुन्हा तोच कागद.

बायकोचं ऑपरेशन ठरलंय. नोकरी गेली की ईएसआयसीचं कार्ड बंद?

लगेच नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ असतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. ऑगस्टमध्ये नोकरी गेली तरी पुढच्या जूनपर्यंत दवाखाना सहसा चालतो. "कंपनी बंद झाली ना, मग कार्ड चालणार नाही" असं काउंटरवर ऐकून घरी परतू नका.

पीएफ काढून टाकू का?

गरजेपुरताच काढा. आधी नियम असा होता की महिन्याभराने ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ चालवणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनी. अर्ज करताना पोर्टलवर त्या दिवशी काय दिसतं ते बघा.

खरी चूक पेन्शनमध्ये होते. दहा वर्षं भरली असतील तर ५८ व्या वर्षी पेन्शन लागू होते, ५० नंतर कमी दराने आधीही घेता येते. नऊ वर्षं चार महिने झालेला माणूस हातघाईला येऊन पेन्शनचा भाग काढून घेतो आणि पुढच्या नोकरीत पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होते. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, वर्षं जोडली जातात.

आणि एक: पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर कर लागतो, पण मालकाचा धंदाच बंद झाल्याने नोकरी गेली असेल तर तो लागत नाही. बंदीच्या नोटिशीची प्रत जपून ठेवायचं हे आणखी एक कारण.

व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) चांगली की कपात?

आधी कायद्याने मिळणारी रक्कम कागदावर मांडा: भरपाई, ग्रॅच्युइटी, नोटीस पगार, रजेचे पैसे, आणि ईएसआयसीत असाल तर दोन वर्षांचा भत्ता. व्हीआरएसचा आकडा याच्या बराच वर असेल तरच विचार करा. ठाणे–बेलापूर रोडवर व्हीआरएसच्या पैशात रिक्षा, टपरी आणि मुलीचं लग्न, तिन्ही उरकलेली माणसं मी पाहिली आहेत. तिसऱ्या वर्षी ती माझ्यासमोरच्या स्टुलावर होती.

कंपनी मशीन वापीला हलवतेय. आम्हाला बदलीचं पत्र दिलंय, तिथे राहायची सोय नाही.

ही युक्ती आहे की खरी बदली, हे नेमणूकपत्रावर ठरतं. त्यात बदलीची अट आहे का ते बघा. काहीही असो, गप्प घरी बसू नका. पंधरा दिवसांनी "विनापरवानगी गैरहजर" अशी नोटीस येते, मग चौकशी, मग बडतर्फी. बडतर्फ झालात की भरपाई नाही आणि भत्ताही नाही. पत्र मिळाल्याच्या आठवड्यातच उत्तर द्या: मी कामाला तयार आहे, राहायची सोय आणि प्रवासखर्च काय देणार ते कळवा, इथलं काम बंद करत असाल तर कपातीची भरपाई द्या. रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती नोटिशीच्याच पिशवीत ठेवा.

मी कंत्राटी आहे. ठेकेदार म्हणतो, कंपनीला विचार. कंपनी म्हणते, ठेकेदाराला विचार.

ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ कंपनीने द्यायचा, हे कायद्यात स्पष्ट आहे. पीएफचा यूएएन आणि ईएसआयसीचा नंबर मोबाइलवर उघडून बघा, वर्गणी कोणाच्या कोडवर किती महिने गेली ते कळतं. दर अकरा महिन्यांनी ठेकेदाराचं नाव बदललेलं आणि जागा, मशीन, सुपरवायझर तेच असेल, तर हा कागद वकिलाला दाखवण्यासारखा आहे.

मी सुपरवायझर होतो. मला भरपाई?

संहितेप्रमाणे देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० च्या वर पगार घेणारा 'कामगार' धरत नाहीत. पण व्हिजिटिंग कार्डावरचं पद कोर्ट बघत नाही, दिवसभर प्रत्यक्ष काय करायचात ते बघतं. स्वतः मशीन चालवत असाल तर प्रश्न खुला आहे. ग्रॅच्युइटी आणि पीएफ पद काहीही असलं तरी मिळतं.

कंपनी दिवाळखोरीत गेली. आता बँक सगळं नेणार?

सगळं नाही. मालमत्ता विकायची वेळ आली तर प्रक्रियेचा खर्च वजा जाता शेवटच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात, आणि पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी निधीतला पैसा त्या वाटपाच्या बाहेर राहतो. पण दावा तुम्हीच लावायचा. मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की वर्तमानपत्रात नोटीस येते. तिच्यातल्या मुदतीत 'फॉर्म डी' भरा, पगाराच्या स्लिप जोडा.

सरकार आयातीवर शुल्क लावतं ना? त्यातून आम्हाला काही?

अँटी-डंपिंग शुल्क म्हणतात ते. दिल्लीचं व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करतं, अर्थ मंत्रालय शुल्क लावतं, साधारण पाच वर्षांसाठी. अर्ज उत्पादकांनी करायचा आणि त्यांच्याकडे देशातल्या उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा हवा. मजा बघा: उद्योगाचं किती नुकसान झालं हे मोजताना रोजगार आणि पगार किती घटले हेही मोजतात. म्हणजे तुमची गेलेली नोकरी त्या फाइलमध्ये आकडा म्हणून जाते. शुल्काचा पैसा सरकारी तिजोरीत जातो, संरक्षण उरलेल्या कारखान्याला मिळतं, तुम्हाला काही नाही. कंपनी अजून धुगधुगत असेल तर युनियनने मालकाला हा अर्ज करायला लावणं शहाणपणाचं, शटर पडल्यावर त्याचा उपयोग नाही.

आमचा माल अमेरिकेला जायचा. शुल्कामुळे ऑर्डर थांबल्या. हे वेगळं धरतात का?

नाही. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं तेव्हा बऱ्याच निर्यातदारांनी माणसं कमी केली. मालकाचं गिऱ्हाईक बाहेरून तुटलं की आतून, तुमचा हिशेब वरचाच.

वय ४६. आता काय शिकू?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ३५ वर्षांपर्यंतच, ती विसरा. आयटीआयला मात्र कमाल वयाची अट नाही, आणि वागळे इस्टेटमध्येच आयटीआय आहे. दोन वर्षं बाकावर बसणं जमत नसेल तर पूर्वकौशल्याची मान्यता मिळवा. वीस वर्षं सीएनसी चालवली आणि हातात एकही प्रमाणपत्र नाही, अशांसाठीच ती आहे. जिल्हा कौशल्य विकास केंद्रात चौकशी करा, महास्वयम पोर्टलवर नाव घाला. स्वतःचा धंदा करायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के अनुदान. बँक मॅनेजर आधी ऑर्डर विचारतो. ज्या मालाने कंपनी बुडवली तोच माल बनवायचा प्रस्ताव नेऊ नका.

मी भिवंडीत लूमवर होतो. पीएफ नाही, ईएसआयसी नाही, नेमणूकपत्र नाही.

तुमची बाजू सगळ्यांत कच्ची, खोटं कशाला सांगू. ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत) नाव नोंदवा, पण त्याने बेकारी भत्ता मिळत नाही. हजेरीची वही, उचलीच्या चिठ्ठ्या, मुकादमाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बँकेत जमा झालेली मजुरी, हे सगळं नोकरीचा पुरावा म्हणून चालतं. दहा जण मिळून एकच तक्रार केलीत तर निरीक्षक येण्याची शक्यता जास्त.

तक्रार कुठे करायची? वकिलाची फी परवडत नाही.

भरपाई आणि ग्रॅच्युइटीसाठी ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय, पीएफसाठी वागळे इस्टेट किंवा वाशीचं भविष्यनिधी कार्यालय. वाद दोन वर्षांच्या आत लावा, "साहेब बोललेत दिवाळीला देतो" यात दोन दिवाळ्या जातात. वकील फुकट मिळतो: १९८७ च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा.

मालकाचा पत्ताच नाही, ऑफिसला कुलूप. फॉर्मवर सही कोण करणार?

अटल योजनेचा अर्ज मालकाच्या सहीशिवाय थेट शाखा कार्यालयात देता येतो. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतःच पोर्टलवर टाकता येते. तिथे कारण निवडायची वेळ आली की घाई करू नका. माझ्यासारखं बोट पटकन पहिल्याच ओळीवर जातं.